बोर्ड परदेशी म्हणून शिस्त बिघडत नाही

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटेवरून हमरीतुमरी झाली की जुने सर्फर बाहेरून आलेल्या स्वस्त सर्फबोर्डांकडे बोट दाखवतात. या तक्रारीत तथ्य आहे, पण रोख चुकीच्या जागी आहे.

सर्फिंगचा मूळ नियम असा, की लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. तो उभा राहून लाटेच्या उतारावरून सरकू लागला की पुढच्यांनी हात आवरायचे. पुढ्यात दुसरा घुसलाच, तर मागच्याला दोनच वाटा उरतात: फेसात शिरायचे किंवा समोरच्याच्या अंगावर जायचे. कडक बोर्डाच्या तळाची फिन अंगात चांगलीच खोल जाऊ शकते. म्हणून हा शिष्टाचार मानपानाचा नाही, जीव सांभाळण्याचा आहे. समुद्रात आत जाताना फुटत्या लाटेला वळसा घालणे, बोर्ड हातातून न सोडणे, अडचणीतल्याला मदत करणे हे बाकीचे नियमही त्याच पोटी आले. सांताक्रूझमध्ये स्टीमर लेन या सर्फिंगच्या जागेवरच्या कड्यावर ते फलकावर लिहिलेले आहेत आणि मोजक्या ओळींत मावतात.

हे नियम पूर्वी बोर्डाबरोबरच मिळत. बोर्ड हवा असेल तर शेपरकडे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराकडे, जावे लागे. गिऱ्हाइकाचे वजन किती, उंची किती, तो कुठल्या लाटेवर जाणार, हे विचारून तो फोमचा ठोकळा तासायचा. नवशिक्याने कुठे पाऊल टाकू नये, हे त्याच बोलण्यात कळे. ५ डिसेंबर २००५ रोजी लगुना निगेलच्या क्लार्क फोम कंपनीने एकाएकी टाळे लावले. अमेरिकेतल्या बहुसंख्य शेपरांचे ठोकळे तिथूनच येत असल्याने धंदाच हादरला. थायलंडमधल्या चोनबुरीच्या कोब्रा कारखान्यातले इपॉक्सी बोर्ड त्याआधीच बाजारात आले होते. आता त्यांना मोकळे रान मिळाले. पुढे कॉस्टकोच्या गोदामवजा दुकानांत ‘वेव्हस्टॉर्म’ हा मऊ फोमचा आठ फुटी बोर्ड सुमारे १०० डॉलरला मिळू लागला. हाताने घडवलेल्या बोर्डाला याच्या कित्येक पट मोजावे लागतात.

खरी मेख या मऊ बोर्डाच्या तरंगण्यात आहे. लहान, पातळ बोर्डावर नवशिक्याचे हात लवकर थकत आणि तो किनाऱ्याजवळच्या फेसातच घुटमळे. हा नकळत बसलेला बांध होता. आठ फुटी जाड बोर्ड पहिल्याच दिवशी माणसाला थेट लाटेची वाट पाहणाऱ्या सर्फरांच्या रांगेत नेऊन सोडतो आणि जाणत्यांच्या आधी लाट पकडूनही देतो. अंगावर आदळला तर तो कडक बोर्डापेक्षा कमी लागतो, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे. चूक बोर्डाची नाही. तो विकताना कुणी चार शब्द सांगत नाही, ही चूक आहे.

‘परदेशी’ हा शेराही टिकत नाही. १८८५ साली सांताक्रूझच्या सॅन लॉरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उभे राहिलेले तिघे हवाईचे राजपुत्र होते. कॅलिफोर्नियाने हा खेळ हवाईकडूनच घेतला. पुढे ज्या हलक्या बाल्सा लाकडाने बोर्डांचे रूप पालटले, ते इक्वेडोरहून येत असे. शेपरांची रोजी बुडते हे दुःख खरे आहे, आणि बोर्ड कुठे घडला ते त्यावर ठळक छापावे ही मागणीही रास्त आहे. पण तो बाजाराचा प्रश्न झाला. तो पाण्यातल्या शिस्तीत मिसळला की स्वस्त बोर्डवाला दिसताच हुसकावण्याला नैतिक मुलामा चढतो. कॅलिफोर्नियातल्याच लुनाडा बे येथे स्थानिक टोळक्याने वर्षानुवर्षे बाहेरच्यांना धमकावले. प्रकरण २०१६ मध्ये न्यायालयात गेले आणि त्या टोळक्याचा किनाऱ्यावरचा दगडी अड्डाही त्याच वर्षी पाडण्यात आला. शिष्टाचाराच्या नावाखाली चाललेली दांडगाई ती हीच. समुद्र कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

भारतात मुळकी, कोवलम किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बहुतेक नवशिके सर्फिंग शाळेतच पहिल्यांदा बोर्डाला हात लावतात. बोर्ड कुठूनही आलेला असो, शेजारी शिकवणारा उभा असतो. कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्यांना एवढे जमणार नाही, पण बोर्डाच्या मऊ पृष्ठभागावर ठसठशीत नाममुद्रा उमटवता येते, तर नियमही छापता येतील. पैसे घेणाऱ्याने दोन वाक्ये बोलावीत. रांगेतल्या जुन्या सर्फरांनीही शिवी हासडण्याआधी नियम सांगावा; न सांगितलेला नियम मोडल्याबद्दल माणसाला अपराधी धरता येत नाही. सांताक्रूझपुरते बोलायचे तर स्टीमर लेनला लागूनच कॉवेल्सची संथ, लांब लाट आहे. नवा बोर्ड घेणाऱ्याला पहिले काही महिने तिथेच जा, असे दुकानातच सांगायला हवे.