मीठ-साखरेच्या पाण्याला सीमा नसते

लहानपणी घरात कुणाला जुलाब लागले की अम्मी पाणी उकळून गार करायची, त्यात मीठ-साखर घालायची आणि चमच्या-चमच्यानं पाजत बसायची. आता मेडिकलमधून ओआरएसची पुडी येते. ही पुडी आली कुठून, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. कळलं तेव्हा वाटलं, शेजारी देशांनी मिळून संशोधन करावं की नाही, या वादाचं उत्तर आपल्याच घरातल्या फळीवर ठेवलेलं आहे.

१९५९ साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात आणि त्यामुळे आतड्यांतून पाणी वाहू लागतं. पुढच्याच वर्षी ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कॉलरा संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. १९६८ मध्ये तिथल्या अमेरिकी आणि बंगाली डॉक्टरांनी सिद्ध केलं की ग्लुकोज आणि क्षार योग्य प्रमाणात घालून पाणी पाजलं, तर सलाइनची गरज खूपच कमी होते. कोलकात्यातही त्याच सुमारास याच दिशेनं काम चालू होतं.

मग १९७१ उजाडलं. लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. तेव्हा कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर तयार करवून घेतलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांकडेच सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आलं. पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ घालून हे पाणी कसं करायचं, ते आयांना शिकवून आल्या.

यात दोन्हीकडच्या सरकारांनी आपसात केलेला करार कुठेच नव्हता. दोन्हीकडची राज्यं एकमेकांवर डोळे वटारून होती. तरी ज्ञान इकडून तिकडे गेलं, कारण शोध छापले जात होते आणि रोग एकच होता. जे असं योगायोगानं घडलं, ते ठरवून केलं तर किती जीव वाचतील?

ठरवून केल्याचंही उदाहरण आहे. भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा टोळधाडीवर लक्ष ठेवणारा संयुक्त आयोग १९६४ पासून आहे. संबंध ताणलेले असतानाही मुनाबाव-खोखरापारच्या सीमेवर दोन्ही देशांचे अधिकारी टोळांची माहिती देण्याघेण्यासाठी भेटत आले आहेत. हा विषय फक्त राजस्थानचा आहे असं वाटत असेल, तर मे २०२० आठवा. तेव्हा पाकिस्तान, राजस्थान, मध्य प्रदेश असा प्रवास करत टोळ अमरावती-नागपूरपर्यंत पोहोचले होते. विदर्भातल्या शेतकऱ्याला सावध करणारी पहिली खबर सीमेपलीकडूनच येऊ शकते.

बाकी चित्र मात्र निराशाजनक आहे. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली, त्यानंतर एकही नाही. हिमालयातल्या हिमनद्यांवर आठ देशांसाठी काम करणारी संस्था काठमांडूत १९८३ पासून आहे. पण डेंगी, उष्णतेच्या लाटा, दिल्ली आणि लाहोरचा एकाच वेळी गुदमरणारा श्वास, यांवर एकत्र बसायला आपल्याकडे व्यासपीठ उरलेलं नाही.

असं काही लिहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला शेजाऱ्यांचा एवढा पुळका का? माझं नाव वाचून तो जरा जास्तच जोरात विचारला जातो. हेच एखाद्या कुलकर्ण्यांनी लिहिलं तर तो विचार ठरतो, मी लिहिलं तर संशय. या प्रश्नाच्या धाकानं आपल्यातले बरेच जण या विषयावर बोलतच नाहीत. त्यांचं गप्प राहणं मला समजतं, पण पटत नाही. मला पुळका आहे तो माझ्या घरातल्या पोरांचा आणि विदर्भातल्या शेतकऱ्याचा.

सुरक्षेची काळजी खोटी नाही. लष्करी उपयोगाचं संशोधन कुणी वाटून घ्या म्हणत नाही. पण साथीचे आकडे, नद्यांची पातळी, हवेची मोजमापं यांत लपवण्यासारखं काय आहे? संशोधकांना वेळेत व्हिसा द्या, ही माहिती एकमेकांना द्या, आणि सार्कच्या आठ देशांनी मिळून उभारलेल्या दिल्लीतल्या दक्षिण आशियाई विद्यापीठात शेजारच्या देशांतली मुलं येत राहतील एवढं पाहा. मागणी इतकीच आहे.

अम्मीनं ते पाणी पाजताना कधी विचारलं नाही की हे कुठल्या देशात शोधलं. तिला पोर उठून बसायला हवं होतं, आणि ते बसलं.