प्रेम इंग्रजीत, शिव्या मराठीत

तालुक्याच्या कुठल्याही वाचनालयात ‘पार्टनर’ मागून बघा. बहुतेक वपुंची कादंबरी हातात येईल. याच नावाचं दुसरं एक मराठी पुस्तक आहे, बिंदुमाधव खिरे यांचं. एका समलिंगी मुलाची डायरी, अशा रूपात ते लिहिलंय. मी चिमूरचा. मी गे आहे. हे दुसरं ‘पार्टनर’ मला पुण्याला गेल्यावर विशीत मिळालं. मला ते नववीत हवं होतं.

नववी म्हटलं की मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आठवते. 2004 सालची कादंबरी. जोशीला शिरोडकर आवडते. ती दिसावी म्हणून तो काय काय खटाटोप करतो! ते प्रेम तडीस जात नाही. पण मुलगी आवडते म्हणून याला डॉक्टरकडे न्या, असं त्याच्याबद्दल कुणाच्या मनातही येत नाही. जोशीला प्रेमात पडायची मुभा आहे आणि त्यात हरायचीही. मी ते पुस्तक तीनदा वाचलं. तिन्ही वेळा शिरोडकरच्या जागी माझ्या वर्गातला एक पोट्टा बसवून.

आमच्यासाठी मराठीत काय होतं? विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आलं. एका मुलीवर जीव लावणारी मित्रा शेवटी आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 मध्ये आली. भाऊ आणि बहीण, दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच मुलाच्या प्रेमात पडतात. सुंदर पुस्तक आहे, पण ते कॉलेजच्या वयाचं, शहरातलं. या लेखकांशी माझं भांडण नाही. तेंडुलकरांनी तेव्हा जे धाडस केलं ते मोठंच होतं. माझं भांडण त्यानंतरच्या चाळीस वर्षांशी आहे. एवढ्या काळात आपल्या कुमार साहित्यात भुतं आली, गुप्तहेर आले, परग्रहावरची माणसं आली. वर्गातला मुलगा आवडणारा मुलगा मात्र माझ्या हाती लागलेल्या एकाही पुस्तकात नव्हता.

आज चिमूरच्या पोराच्या मोबाईलवर ‘हार्टस्टॉपर’ आहे. अ‍ॅलिस ऑसमनची ही इंग्लंडमधली गोष्ट 2016 मध्ये वेबकॉमिक म्हणून सुरू झाली आणि 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आली. चार्लीला शेजारच्या बाकावरचा निक आवडतो आणि निकलाही तो आवडू लागतो. पोरगा कानात हेडफोन घालून, सबटायटल वाचत ते बघतो. मग बाहेर पडतो, आणि चौकात त्याला ऐकू येतं ‘बायल्या’, नाही तर ‘छक्का’. म्हणजे त्याच्या प्रेमाचे शब्द इंग्रजी आणि शिव्या तेवढ्या मायबोलीतल्या. मराठी वाचवा, मुलांना मराठी वाचायला लावा म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. जी भाषा फक्त शिवी देते, ती त्यानं कशासाठी वाचावी?

कुणी म्हणेल, ही शहरातली फॅडं, गावाकडे लोकांना पचणार नाहीत. बापा, आमच्या झाडीपट्टीत या कधी. धान निघालं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. थंडीत कुडकुडत, तिकीट काढून लोक रात्रभर नाटक बघतात. पळून गेलेली जोडपी, घरातून हाकललेली लेकरं, सगळ्यांसाठी रडतात. ज्या लोकांना रात्रभर गोष्ट ऐकायची ताकद आहे, त्यांना ही गोष्ट झेपणार नाही हे पुण्या-मुंबईत बसून कोणी ठरवलं?

मुलं बिघडतील, हा दुसरा आक्षेप. मग जोशी-शिरोडकरची गोष्ट वाचून किती मुलं बिघडली? सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला सांगितलं की दोन प्रौढांमधले असे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. समलिंगी माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार हे 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी डॉक्टरचं गैरवर्तन आहे. कायदा पुढे गेला, डॉक्टरांनाही सांगून झालं. मुलांसाठी लिहिणारे आणि छापणारे अजून कशाची वाट बघतायत?

आणि लिहाल तेव्हा एक करा. आई रडते, बाप अबोला धरतो, शेवटच्या पानावर दोघं पोराला जवळ घेतात, एवढ्यावरच थांबू नका. घरच्यांनी स्वीकारावं ही आस खरीच आहे, मलाही ती आहे. पण सगळं पुस्तक आईबापांचं मन वळवण्यातच संपलं, तर पोरानं प्रेम कधी करायचं? त्याला चिमूरच्या घोडायात्रेत पाळण्यात बसू द्या, शेजारी त्याला आवडणारा मुलगा असू द्या. एसटी स्टँडवर त्याची वाट बघू द्या. ती बस चुकली, तो आलाच नाही, तरी चालेल. जोशीसारखं त्यालाही एकदा हरू द्या. फक्त त्या रात्री तो मरायला निघू नये. सकाळी उठून शाळेत जावा.