झेड-इंडेक्स मामाला ऐकू येत नाही

गेल्या वर्षी मामाने घरबसल्या आरोग्य विमा घेतला. काचबिंदूमुळे त्याला आता जवळजवळ काहीच दिसत नाही, पण एनव्हीडीए लावून तो कंप्युटर माझ्यापेक्षा जोरात चालवतो. साइटवर तीन टॅब होते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. मामाने सिल्व्हर निवडला, खाली येऊन अटी ऐकल्या, पैसे भरले. दिवाळीनंतर मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि क्लेम नामंजूर. मामा म्हणे, "अरे, वेटिंग पिरियड एक वर्ष होता, मी स्वतः ऐकलंय!" सिल्व्हरला तो दोन वर्षं होता.

मामाच्या ऐकण्यात चूक नव्हती. मी पानाचा सोर्स उघडला आणि डोक्याला हात लावला. तिन्ही पॅनेल पोझिशन ॲब्सोल्यूटने एकावर एक रचलेली, वर रेडिओ बटणं, आणि चेक्ड असेल त्याचा झेड-इंडेक्स वाढवायचा. 'जावास्क्रिप्टची एकही ओळ नाही' वगैरे. पण स्क्रीन रीडर झेड-इंडेक्स बघत नाही हो! तो एचटीएमएलच्या क्रमाने जातो. टॅब कुठलाही निवडा, खाली आल्यावर पहिलं कानावर पडणार ते प्लॅटिनमच. पॅनेलच्या आत शीर्षकही नव्हतं, कारण 'नाव टॅबवर आहेच की'.

आणि ही युक्ती मी स्वतः किमान डझनभर ज्युनिअर पोरांना शिकवली आहे. कौतुकाने.

तर माझं भांडण या 'फक्त सीएसएस'च्या मिरवण्याशी आहे. पोझिशनिंगने वस्तू हलते किंवा झाकली जाते, नाहीशी होत नाही. लेफ्ट -९९९९ पिक्सेल केलं तरी मजकूर वाचला जातोच. त्यातल्या लिंकवर कीबोर्डचा फोकस जातो आणि बघणाऱ्याला कळत नाही फोकस गेला कुठे. खरंच लपवायचं तर डिस्प्ले नन किंवा व्हिजिबिलिटी हिडन. हो, पण तेच डिस्प्ले नन रेडिओ बटणांना लावलंत तर कीबोर्डवाला दारातच अडकला.

शिवाय ॲब्सोल्यूट पॅनेल आई-बापाला उंची देत नाही, म्हणून आपण डब्याला ठोकून ३०० पिक्सेल देतो. इंग्रजीत खपून जातं. मराठी मजकूर टाका, अक्षरं दुप्पट करा (डब्ल्यूसीएजी २.० मध्ये २००८ पासून ही अट आहे), शेवटच्या ओळीचे उकार कापले जातात. त्यापेक्षा ग्रिडच्या एकाच खान्यात सगळी पॅनेल ठेवा, न निवडलेली व्हिजिबिलिटी हिडन करा. उंची सगळ्यात मोठ्या पॅनेलची आपोआप मिळते, आकडा ठोकावा लागत नाही. ग्रिड २०१७ पासून ब्राउझरमध्ये आहे, आता कसली वाट बघताय?

आणि हो, जावास्क्रिप्ट लिहा. लाजू नका. टॅबलिस्ट, टॅब, टॅबपॅनेल हे रोल, आरिया-सिलेक्टेड, बाणाच्या कीने टॅब बदलणं, टॅब कीने पॅनेलमध्ये शिरणं. चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे. स्क्रिप्ट लोड झाली नाही तर तिन्ही पॅनेल आपापल्या शीर्षकासकट एकाखाली एक दिसू द्या. मामाला तर तेच जास्त आवडेल. तीन योजनांची तुलना करायची असताना त्या एकमेकींच्या मागे लपवायच्याच कशाला, हा प्रश्न डिझाइनच्या मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही.

"आपले युजर थोडेच अंध आहेत?" हे वाक्य मी ऐकलंय, एकदा बोललोही असेन. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. कोर्टाचं सोडा, पण मामासारखे युजर तुमच्या ॲनालिटिक्समध्ये स्क्रीन रीडर म्हणून दिसत नाहीत, एवढं तरी लक्षात घ्या. साध्या व्हिजिटरसारखेच मोजले जातात.

मामीचं ऑपरेशन झालं, पैसे मामाच्या खिशातून गेले. माझं ते टॅबचं टेम्प्लेट मात्र अजून टीमच्या रेपॉझिटरीत आहे, वर माझ्या नावाची कॉमेंट. सोमवारी उडवतोय. रिव्ह्यूमध्ये कोणीतरी विचारणारच, "सर, चालतंय की!" त्याला मॉनिटर बंद करून बसवणार आहे.