आडनाव एक, वेष अनेक!



जूनमध्ये शाळा उघडली की आम्हा पहिलीच्या बाईंना एक काम असतं. नव्या मुलांची नावं जनरल रजिस्टरमध्ये लिहायची. यंदा एका मुलीपाशी माझं पेन अडलं. जन्मदाखल्यावर आडनाव ‘चौगुले’, रेशनकार्डावर ‘चौगले’!

तिची आई म्हणाली, “दोन्ही आमचंच, बाई. ज्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं. पण नीट बघून लिहा हं. ह्याच्यापायी तिच्या दादाचा स्कॉलरशिपचा अर्ज परत आला होता.”

मी जन्मदाखल्याप्रमाणे लिहिलं खरं, पण मनात आलं, शंभर वर्षांनी हिची पणती घराण्याचा शोध घ्यायला बसली तर? तिला ही दोन वेगळी घराणी वाटतील!

पोलंडच्या लोकांना ही पंचाईत फार चांगली ठाऊक आहे. पोलंड म्हणजे कुठला देश, माहीत आहे ना? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, १९४३ ते १९४८ पर्यंत. त्यांचा हा देश.

या देशाचे शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीनदा लचके तोडले. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला. पुढे १२३ वर्षं, म्हणजे १९१८ पर्यंत, स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हताच! माणसं तिथंच होती, पण दप्तराची भाषा राज्यकर्त्यांप्रमाणे बदलत होती. वॉर्सा शहराच्या भागात जन्म-मृत्यूच्या नोंदी १८६८ पर्यंत पोलिश भाषेत होत्या, नंतर त्या रशियनमध्ये लिहाव्या लागल्या. प्रशियाकडे जर्मन आली. ऑस्ट्रियाकडे चर्चच्या वह्यांत बहुधा लॅटिन असे.

आता समजा, अमेरिकेतल्या एका मुलीला आपल्या शिमान्स्की नावाच्या पणजोबांना शोधायचंय. घरच्या कागदावर सुरुवात आहे इंग्रजी एस-एच अशी. पण पोलिशमध्ये ‘श’ लिहितात एस-झेड असा. जर्मन कारकुनाच्या हाती गेला की तोच होतो एस-सी-एच. आणि रशियनमध्ये तर लिपीच निराळी! अकारविल्हे यादीत एकच माणूस चार ठिकाणी. ती बिचारी एस-एचच्या पानावर शोधून शोधून दमणार!

आणखी गंमत ऐका. रशियन भाषेत आपल्यासारखा ‘ह’ नाही. म्हणून पोलिश ‘हेलेना’ रशियन वहीत कधी कधी ‘गेलेना’ होऊन बसते. तारखाही दोन! रशियाचं जुनं कॅलेंडर १९व्या शतकात १२ दिवस मागे होतं. त्यांची १ जानेवारी ती आपली १३ जानेवारी.

मारी क्यूरी तुम्हाला माहीत आहेत. त्या १८६७ साली वॉर्सात जन्मल्या. त्यांच्या वडिलांचं आडनाव ‘स्क्वोदोव्स्की’ आणि त्यांचं ‘स्क्वोदोव्स्का’. चूक नाही बरं का! पोलिशमध्ये अशी आडनावं बाईची असली की शेवट बदलतो. आपण मात्र पुष्कळदा ‘स्क्लोडोव्स्का’ वाचतो. का? कारण पोलिश भाषेत ‘एल’वर तिरकी रेघ मारली की त्याचा उच्चार ‘व’सारखा होतो. इंग्रजी छपाईत ती रेघ गळते. एवढीशी रेघ, पण नाव बदललं!

पुष्कळ अमेरिकन घरांत सांगतात, की एलिस बेटावर बोटीतून उतरताना तिथल्या कारकुनानं नाव बदललं. तसं नव्हतं. बोट निघायची त्या बंदरात आधीच यादी तयार होई आणि कारकून तीच यादी पुढ्यात ठेवून तपासणी करी. नावं बदलली ती बहुतेक नंतर, शेजाऱ्यापाजाऱ्यांना उच्चारता यावीत म्हणून लोकांनी स्वतःच.

मग शोधायचं कसं? एक युक्ती कानाची. १९८५ साली डेच आणि मोकोटॉफ या दोघा अमेरिकन संशोधकांनी अशा आडनावांसाठी एक पद्धत काढली. तिच्यात सारख्या आवाजांना सारखे अंक देतात आणि आडनावाचा सहा आकडी क्रमांक बनवतात. स्पेलिंग वेगळं, पण क्रमांक एक! संगणकावर असा शोध घेता येतो.

पण नुसत्या कानावर विसंबू नका. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. त्यावरून ‘कोवाल्स्की’. लोहार गावोगावी होते, तेव्हा सगळे कोवाल्स्की एकमेकांचे नातेवाईक कसे असतील? म्हणून नोंद पूर्ण वाचायची. वॉर्साकडच्या जुन्या जन्मनोंदीत वडिलांचं वय, धंदा, गाव, आईचं माहेरचं आडनाव आणि साक्षीदार असं सगळं असतं. आडनावाचं अक्षर बदललं तरी आईचं माहेर आणि गाव जुळतंय का, ते पाहायचं. अशा नोंदींच्या शेवटी पुष्कळदा एक वाक्य येतं: हे वाचून दाखवलं, पण हजर मंडळींना लिहिता येत नाही. वाचलंत? आपलं नाव बरोबर लिहिलंय की नाही, हे त्या बापाला पाहताच येत नव्हतं!

तेव्हा लक्षात ठेवा, एक अक्षर बदललं म्हणून माणूस सोडायचा नाही आणि आडनाव जुळलं म्हणून लगेच पणजोबा म्हणायचं नाही.

आता तुमचं काम. या रविवारी आईबाबांना घरातले तीन जुने कागद काढायला सांगा. प्रत्येकावर आडनाव कसं लिहिलंय ते वहीत उतरवा. आजीला तिचं माहेरचं आडनाव आणि गाव विचारा, तेही लिहा. मीही त्या मुलीच्या आईला हेच सांगितलं आणि एका वहीत दोन्ही आडनावं लिहून दिली. तिच्या पणतीच्या कामी येतील!

तुमच्या,
बाई