विंझर परिसरातील शाळांच्या संगणक कक्षात दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येईल अशी बैठक व साधने मिळणेबाबत

दिनांक :

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे

मार्फत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, वेल्हे

विषय : दिव्यांग विद्यार्थ्यांना इतर मुलांबरोबर, त्याच तासाला संगणक शिकता यावा यासाठी संगणक कक्षात आवश्यक बदल करून मिळणेबाबत.

संदर्भ : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६, १७ व ३१

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे विंझर, मार्गासनी, साखर व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील पालक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि ग्रामस्थ आपणांस सविनय निवेदन करतो की, आमच्या भागातील शाळांमध्ये संगणक आले, ते चालतातही, परंतु दिव्यांग मुलांच्या वाट्याला ते अजून आलेले नाहीत. वेळापत्रकात संगणकाचा तास असतो. एका संगणकापुढे तिघे-चौघे बसतात. ज्याच्या हातात माऊस तो शिकतो, बाकीचे पाहतात. ज्या मुलाला नीट दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो, ते बाकाच्या कडेला बसून तास संपण्याची वाट पाहते. हजेरीपटावर ते हजर असते आणि अहवालात संगणक शिक्षणाच्या लाभार्थ्यांमध्येही मोजले जाते.

आमचे मुख्य म्हणणे एवढेच आहे : खरेदीची सुरुवात मुलापासून व्हावी. आधी मूल पाहावे, त्याची खुर्ची, हात, नजर, कान पाहावेत, आणि मग मागणीपत्रक भरावे. आजवर उलटे होत आले आहे. साहित्य वरून ठरून येते आणि ज्याला जे मिळाले ते त्याने वापरायचे. अशा रीतीने आलेले साहित्य घराच्या माळ्यावर किंवा शाळेच्या कपाटात पडून राहिल्याचे आमच्यातील अनेक पालकांनी पाहिले आहे. हा दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा आहे असे आम्ही म्हणत नाही. पद्धतच तशी पडली आहे आणि ती बदलणे आपल्या हाती आहे.

परिसरातील एका शाळेतील प्रसंग येथे नमूद करतो. दृष्टी अत्यंत मंद असलेली एक मुलगी पडद्याला नाक लावून वाचायची. डोळे बिघडतील या काळजीने शिक्षक तिला मागे सरकवायचे, आणि मागे सरकली की तिला काहीच दिसायचे नाही. पुढे एका पालकाने विंडोजची कळ आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबून पडद्यावरचा मजकूर मोठा करून दाखवला. ती सोय त्या संगणकात पहिल्या दिवसापासून होती. तिच्यासाठी एक रुपयाही लागला नाही. मुलीने त्या दिवशी धडा स्वतः वाचला. परंतु पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या संगणकावर बसली आणि तिथे ही सोय कोणी सुरू करून दिली नाही. म्हणून आम्हांला संगणक कक्षात अशा मुलांसाठी ठरलेली जागा, म्हणजे सुगम बैठक, हवी आहे आणि ती सांभाळणारी ठरलेली व्यक्तीही हवी आहे.

हाताच्या हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांची अडचण मराठी टंकलेखनात अधिक वाढते, याकडे आपले विशेष लक्ष वेधतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर क साध्या कळीने उमटतो, पण ख साठी शिफ्ट दाबून धरावी लागते. ग आणि घ, द आणि ध, ब आणि भ यांचेही तसेच. म्हणजे ज्या मुलाचा एकच हात चालतो त्याला ‘भूगोल’ हा शब्दसुद्धा पहिल्याच अक्षराला अडतो. यावर ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षरापर्यंत लागू राहते. थरथरत्या बोटाने एकच अक्षर पाच वेळा उमटू नये म्हणून ‘फिल्टर कीज’ आहे. दोन्ही सोयी विंडोजमध्ये मुळातच असतात. त्यांच्या जोडीला कळांवर बसवायची भोकांची पट्टी मिळाली, तर मनगट टेकवून नेमकी कळ दाबता येते. माऊसऐवजी एका जागी स्थिर राहणारा चेंडूचा माऊस असला, तर हात उचलावाही लागत नाही. या वस्तू फार महाग नाहीत, पण तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. त्या मागवून देणे प्रशासनालाच शक्य आहे.

पूर्ण अंध मुलांचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. विंझरहून पुण्याला जायचे तर आधी नसरापूर, मग चेलाडी फाट्यावरून महामार्ग, आणि पावसाळ्यात हेच अंतर दुप्पट वाटते. अंध मुलासाठी पुण्यात कोरेगाव पार्कच्या अंधशाळेसारख्या जुन्या व नावाजलेल्या संस्था आहेत आणि त्यांच्या कार्याबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु सहा-सात वर्षांचे लेकरू घरापासून दूर ठेवायचे की गावच्या शाळेत नुसते बसवून ठेवायचे, एवढे दोनच पर्याय आईबापांपुढे असू नयेत. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी सुरू केले. ते आजही मोफत आहे आणि मराठीही वाचते. केंद्र सरकारचे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून सुरू आहे. संगणक, हेडफोन आणि इंटरनेट एवढे मिळाले तर गावातले अंध मूल आपल्या भावंडांत राहून वाचू शकते.

मात्र यात एक अडसर शाळांकडून आणि कार्यालयांकडूनच नकळत उभा राहतो. अनेक प्रश्नपत्रिका व स्वाध्याय अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकित होतात. डोळ्यांना ते उत्तम मराठी दिसते, पण त्या अक्षरांच्या मुळाशी संगणकात इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. म्हणून एनव्हीडीए प्रश्नाऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ वाचू लागते. छायाचित्र काढून पाठवलेल्या पानातून तर काहीच ऐकू येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करण्याचे लेखी निर्देश निघाले, तर विनाखर्च निम्मे काम होईल.

आता कक्षाविषयी. चाकाच्या खुर्चीतील मुलाला टेबलाशी बसायचे तर टेबलाखाली गुडघे जाण्याइतकी मोकळी जागा हवी. मधल्या आडव्या फळीमुळे किंवा खाली ठेवलेल्या सीपीयूमुळे ती उरत नाही. टेबलाची उंची कमी-जास्त करता यावी, दार किमान ९० सेंटिमीटर रुंद असावे आणि आत खुर्ची वळवायला दीड मीटरचा मोकळा घेर असावा. उतार १:१२ या प्रमाणात, म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर ५.४ मीटर लांबीचा लागतो. एरवी सांगायला नको अशी एक गोष्टही आम्ही स्पष्टच लिहितो. संगणक कक्षात चपला-बूट बाहेर काढून जाण्याची शिस्त सर्वत्र आहे. पायाला आधारासाठी कॅलिपर लावणाऱ्या मुलाचे बूट कॅलिपरलाच जोडलेले असतात. ते सोडायचे आणि पुन्हा बांधायचे यात त्याचा निम्मा तास जातो. ते बांधायला दुसऱ्याची मदत लागते याचा संकोच वेगळाच. या मुलांना नियमातून सूट द्यावी आणि दारात पायपुसणे ठेवावे.

ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओंना मराठी उपशीर्षके असावीत, आणि शिक्षकाने पडद्याकडे तोंड करून न बोलता मुलांकडे पाहून बोलावे, म्हणजे ओठ वाचता येतात.

आमच्या भागात पावसाळ्यात लाईट वारंवार जाते. अंध मुलाचा संगणक बंद पडला की त्याचे पुस्तक, पाटी आणि वही एकदमच जाते. म्हणून या सुगम बैठकीसाठी लॅपटॉप व त्याला जोडलेला स्वतंत्र मोठा कळफलक अधिक उपयोगी पडेल. डेस्कटॉपच द्यायचा असेल तर इन्व्हर्टर सोबतच मंजूर व्हावा.

कायद्याचा आधार आपणांस विदित आहेच. सदर अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम १६ नुसार शाळेची इमारत व सुविधा सुगम असणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे बंधनकारक आहे. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करणे आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व सहायक साधने मोफत देणे नमूद आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निर्णय देताना सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक राहू नयेत, ते बंधनकारक असावेत असे स्पष्ट केले. त्याआधी ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राअभावी लेखनिकाची सोय नाकारता येणार नाही असे म्हटले. म्हणून प्रमाणपत्र व्हायचे आहे किंवा टक्केवारी कमी आहे, एवढ्यावरून कोणाही मुलाला या बैठकीवरून उठवले जाऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

निधीची वाटही उपलब्ध आहे. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रति विद्यार्थी वार्षिक ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. सहावी ते बारावीच्या संगणक प्रयोगशाळांसाठी प्रति शाळा ६.४० लाख रुपयांपर्यंत अनावर्ती अनुदान आहे. ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. हे तीन प्रवाह वेगवेगळ्या टेबलांवरून जातात, त्यामुळे शाळेला एकट्याने त्यांची सांगड घालणे जमत नाही. आपण ती घालून द्यावी.

करिता आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. विंझर केंद्रातील शाळांमधील दिव्यांग विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष भेट घेऊन, पालकांसमक्ष, प्रत्येकाच्या गरजेची नोंद विशेष शिक्षकांमार्फत एक महिन्यात करावी. शाळेत नाव असूनही घरीच असलेल्या मुलांच्या घरी जावे.

२. या नोंदीनुसार, जिथे असे विद्यार्थी आहेत त्या प्रत्येक शाळेच्या नेहमीच्या संगणक कक्षात किमान एक सुगम बैठक तयार करावी. ती वेगळ्या खोलीत नसावी. दाराचा उतार व उंबरठा यांचे काम नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे.

३. राज्य शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आहे. त्यातून आमच्या केंद्राला मिळणाऱ्या शिक्षकांनी प्रत्येक शाळेला ठरलेल्या वारी भेट द्यावी. शाळेतील एका शिक्षकाला एनव्हीडीए व विंडोजमधील सुगम सोयींचे प्रत्यक्ष संगणकावर बसवून प्रशिक्षण द्यावे. फक्त चित्रफीत दाखवून ते उरकू नये.

४. सर्व शाळांना मजकूर युनिकोडमध्ये टंकित करण्याचे परिपत्रक काढावे.

५. साधन बिघडल्यास पंधरा दिवसांत दुरुस्ती वा बदली मिळावी आणि त्यासाठी गट साधन केंद्रात जबाबदार व्यक्तीचे नाव जाहीर असावे. मूल पुढच्या शाळेत गेले की त्याची साधनेही त्याच्याबरोबर जावीत.

६. दहावी-बारावीला प्रति तास वीस मिनिटांचा जादा वेळ, लेखनिक वा संगणक यांपैकी जे मुलाला लागू असेल ते शाळेने आठवीपासूनच घटक चाचण्यांत द्यावे. वर्षभर लेखनिकाला सांगून लिहून न घेतलेले मूल ऐन परीक्षेत ते करू शकत नाही.

खाजगी संस्थांच्या माध्यमिक शाळांनाही हे लागू व्हावे म्हणून मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडून स्वतंत्र निर्देश निघावेत.

वरील नोंदीच्या कामात आम्ही पालक आपल्या कर्मचाऱ्यांबरोबर वाडीवस्तीवर यायला तयार आहोत. टेबलांची उंची बदलणे, दारातला उतार करणे अशा कामांत श्रमदानही करू. आपण किंवा आपले प्रतिनिधी यांनी विंझर येथे येऊन शाळा व्यवस्थापन समित्यांची संयुक्त बैठक घ्यावी आणि या निवेदनावर काय कार्यवाही झाली ते एक महिन्यात लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य व ग्रामस्थ,
विंझर परिसर, ता. राजगड (वेल्हे), जि. पुणे
(सह्या स्वतंत्र पानावर)

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व (माध्यमिक), जिल्हा परिषद, पुणे
मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. सरपंच, ग्रामपंचायत विंझर