शिक्षणनिधीची कपात : पैसा सभासदाचा, मग हिशेबही सभासदालाच हवा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक विषय यायचा आहे. उसाच्या बिलातून टनामागे पाच रुपये शिक्षणनिधी म्हणून कापावेत आणि त्यातून आपल्या परिसरात एक महाविद्यालय उभे करावे, अशी सूचना काही सभासदांनी लेखी दिली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे, यात आम्हांला शंका नाही. पण सभेत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून हात वर करण्याआधी दोन घटका बसून या गोष्टीचा विचार व्हावा, म्हणून हे चार शब्द लिहीत आहोत. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. तुमच्यासारखेच वावरात राबणारे आणि पोरांच्या फीपायी जूनमध्ये सावकाराची पायरी चढलेले आम्ही सभासद आहोत.

पहिली गोष्ट ही की, ऊस उत्पादक शिक्षणाला पैसा देत नाही, असे कोणी समजू नये. तो फार वर्षांपासून देतो आहे. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. त्याच साली शिक्षण उपकराचा कायदाही झाला. शहरातल्या घरांवर जसा हा कर बसला, तसाच ओलिताखालच्या नगदी पिकांच्या जमिनीवरही बसला, आणि त्या पिकांत ऊस होता. पुढे त्याच कायद्याला रोजगार हमीचा उपकर जोडला गेला. तलाठ्याची जुनी पावती घरात असेल तर काढून पाहा, त्यावर शिक्षण कराचा रकाना दिसेल. आपल्या आज्या-पंज्यांनी तो पैसा भरला. तो राज्याच्या तिजोरीत गेला. त्यातून आपल्या तालुक्यातल्या किती शाळांवर कौले चढली, हे मात्र पावतीवर कधी छापून आले नाही.

दिल्लीचीही तीच रीत. २००४ साली केंद्राने करावर दोन टक्के शिक्षण उपकर लावला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढला. २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के झाले. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या नावाने जमा झालेला पैसा ठरलेल्या निधीत वेळेवर वळवला नाही, म्हणून खुद्द महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले होते की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा. साठ वर्षे होत आली, तो आकडा अजून गाठला गेलेला नाही. म्हणजे नाव शिक्षणाचे, पैसा आपला, आणि हिशेब मागायला गेलो की बोट दुसऱ्याच खिडकीकडे!

आता आपल्या घरात तीच चूक आपण करायची का, एवढाच आमचा सवाल आहे.

साखर कारखान्याने शाळा-कॉलेज काढणे यात वावगे काही नाही. उलट तो सहकाराचा मोठेपणा आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन प्रवरेचा कारखाना उभा केला, १९५० मध्ये तिथे साखर निघाली, आणि त्या साखरेच्या पाठोपाठ शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये आली. वारणेला तात्यासाहेब कोऱ्यांनी तोच मार्ग धरला. त्याही आधी, १९१९ साली, साताऱ्याच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथे मूठमूठ धान्य गोळा करून बोर्डिंग चालले, आणि लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातले. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेतून कुणब्या-माळ्यांच्या पोरांना कॉलेजचे दार उघडून दिले. ही सगळी मंडळी लोकांच्या पैशावर उभी राहिली, आणि आम्ही त्यांच्यापुढे हात जोडतो.

पण तेव्हाच्या आणि आताच्या काळात एक फरक पडला आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. त्या काळी संस्थेने खोल्या बांधल्या, चार वर्षे शाळा चालवून दाखवली, की सरकार पगाराचे अनुदान द्यायचे. लोकवर्गणी ही विहिरीच्या खोदाईसारखी होती, एकदा घाम गाळला की पुढे पाणी लागायचे. ते पाणी आता आटले. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. देणगीचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. २००१ पासून शाळांच्या परवानगीवर ‘कायम विनाअनुदानित’ असा शिक्का बसू लागला. २००९ साली त्यातला ‘कायम’ शब्द काढला, २०१६ पासून वीस टक्क्यांनी टप्पा अनुदान सुरू झाले, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी मास्तर लोकांना मुंबईच्या आझाद मैदानावर जाऊन बसावे लागले. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने तर गोष्ट कागदावरच पक्की केली. आता नवी खासगी शाळा काढायची तर स्वतःच्या पैशावर काढा, अनुदान मागू नका. नव्या महाविद्यालयांचीही गत तीच.

म्हणजे आपण आज कॉलेज बांधले तर इमारतीचा खर्च आपला, प्राध्यापकांचा पगार आपला, वीजबिल आपले. आणि हे सगळे शेवटी वसूल होणार ते फीमधून, म्हणजे पुन्हा आपल्याच खिशातून.

जरा आकडे मांडू. समजा हंगामात दोन लाख टन गाळप झाले. टनाला पाच रुपये म्हणजे वर्षाला दहा लाख रुपये. आता सरकारी नियमाने प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून महिन्याला सोळा हजार मानधन आहे. वर्षाचे झाले एक लाख ब्याण्णव हजार. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या कपातीत पाच शिक्षणसेवकांचे मानधन कसेबसे बसते. महाविद्यालयाची गोष्ट दूरच राहिली! दोन एकरांत ऐंशी टन काढणाऱ्या सभासदाचे चारशे रुपये जातील, तेवढे तो खुशीने देईल. पण त्या चारशे रुपयांत कॉलेज चालत नाही. मग पुढच्या वर्षी दहा रुपये, त्यापुढे वीस रुपये, अशी कपात चढत जाईल, आणि तरीही फी भरावीच लागेल.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलली पाहिजे. असे कॉलेज कारखान्याच्या नावाने निघते, पण चालवायला वेगळा ट्रस्ट लागतो. कारखान्याचे संचालक दर पाच वर्षांनी तुमच्या मतावर निवडून येतात. ट्रस्टचे विश्वस्त तसे येत नाहीत. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पैसा उसाचा गेला, आणि पंचवीस वर्षांनी संस्थेच्या पाटीवर सभासदाचे नावही उरले नाही, असे घडले आहे. आम्ही कोणावर बोट ठेवत नाही. आपल्या संचालक मंडळावर तर मुळीच नाही. पण माणसे बदलतात, कागद राहतो. म्हणून कागदच पक्का करून ठेवावा.

मागच्या हंगामात वजनकाट्यावर बैलगाड्या लागल्या होत्या. आमच्यातलेच एक वयस्क सभासद शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, “पोराले मास्तर कराले दोन एकर वावर देल्लं भाऊ. शाळेले ग्रँट येते म्हने. बारा वर्स झाले, ग्रँट काई आली नाही, वावर बी गेलं, अन् पोरगं आता माह्यासंगच ऊस भरते.” कोणती संस्था, कोण माणूस, ते आम्ही विचारले नाही आणि लिहिणारही नाही. पण सभासद हो, असे घर आपल्या रिसोड-मालेगाव भागात एकच आहे काय? नवे विनाअनुदानित कॉलेज काढले तर तिथेही बिनपगारी राबायला आपलीच पोरे जातील, हे विसरू नका.

मग काय, शिक्षणनिधी नकोच? तसे आमचे म्हणणे नाही. काही सभासद म्हणतात, “कारखान्यानं साखर काढावी, शाळा कायले काढते?” हेही आम्हांला पटत नाही. आपला वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली केंद्राने देशातल्या मागास जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबादबरोबर आपलेही नाव आले. सोयाबीन-तुरीच्या या मुलखात पैनगंगेच्या, अडाणच्या काठाने थोडाफार ऊस उभा राहतो. त्या उसाने पोरांसाठी काही केले नाही तर कोण करणार? म्हणून कपात जरूर व्हावी. फक्त ती सरकारच्या कामाला पर्याय म्हणून नको. सरकारचा हात जिथे पोचत नाही, तिथे ती लागावी.

हात कुठे पोचत नाही, ते पाहू. सवलती कागदावर पुष्कळ आहेत. यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून ई. बी. सी. सवलत आहे. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची व्यावसायिक शिक्षणाची निम्मी फी सरकार भरते. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नाच्या अटीत मुलींची पूर्ण शिक्षण फी माफ आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. पण हा पैसा येतो उशिरा, आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेज म्हणते, आधी भरा. प्रवेश कधी? जून-जुलैत. तेव्हाच पेरणी, तेव्हाच बी-बियाणे, आणि उसाचे बिल अजून सहा महिने लांब. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ऊस तर दिवाळीनंतर तुटतो. या सहा महिन्यांच्या फटीत सावकार शिरतो, आणि या फटीतच पोरीचे शिक्षण सुटते.

आमची सूचना अशी की शिक्षणनिधी या फटीत घालावा. जूनमध्ये सभासदाच्या मुला-मुलीला प्रवेशासाठी बिनव्याजी उचल द्यावी, आणि सभासदाच्या लेखी संमतीने ती हंगामातल्या बिलातून परत घ्यावी. दहा लाखांत वीस-वीस हजारांच्या पन्नास उचली होतात. पैसा परत येतो, पुढल्या वर्षी नवी कपात त्यात मिळते, आणि निधी वाढत जातो. इमारतीत घातलेला पैसा असा परत येत नाही.

दुसरा वाटा ऊसतोड मजुरांच्या लेकरांना द्यावा. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून माणसे कोयता घेऊन बाहेर जातात आणि शाळेचा पट अर्धा होतो. गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे, असे शासनाने ठरवले, आणि त्या कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे काढायचे ठरले. ती आपल्या मुलांपर्यंत किती पोचतात, हे कारखान्याने विचारत राहावे. आपली साखर ज्यांच्या घामाने होते, त्यांचे पोरगे अडाणी ठेवून आपले पोरगे साहेब करणे हा सहकार नव्हे.

तिसरे, गावच्या जिल्हा परिषद शाळेकडे पाठ फिरवू नका. २०२३ साली वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, आणि त्याच वर्षी शाळा दत्तक देण्याची योजनाही आली. शाळा टिकवायची असेल तर आधी पट टिकवला पाहिजे. पट टिकवायला पोरे घालावी लागतात, नुसता ठराव करून भागत नाही.

शेवटी, सभेत ठराव येईल तेव्हा चार अटी त्यात लिहून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे. कपात बिलाच्या पावतीवर वेगळ्या ओळीत छापावी. निधीचे बँक खाते वेगळे असावे. निधी चालवणाऱ्या समितीत सर्वसाधारण सभेने निवडलेले सभासद असावेत आणि त्यांत दोन महिला असाव्यात. कोणाला किती उचल दिली आणि किती परत आली, त्याचा आकडा दरवर्षी याच पत्रिकेत छापून यावा.

या चार अटी मान्य होत असतील तर पाच काय, सहा रुपये कापा, आमचा हात वर आहे. मान्य होत नसतील तर तो पैसा सभासदाच्या बिलात राहू द्या. तो आपल्या पोरांना जमेल तसे शिकवील, आजवर त्यानेच शिकवले आहे.

सभेला अवश्य या, घरच्या लक्ष्मीलाही सोबत आणा. बोलायचे ते सभेतच बोला, पारावर बोलून उपयोग नाही.