घाट उतरण्याआधी आयडलरचा आवाज ऐका

ईद किंवा शाळेची सुट्टी जवळ आली की कोल्हापूरकडची कितीतरी कुटुंबे गगनबावड्यावरून कोकणात उतरतात. कुणी करूळ घाटाने वैभववाडीला, कुणी भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. टायरची हवा, डिझेल, जेवणाचे डबे, मुलांच्या उलटीच्या गोळ्या, सगळे पाहिले जाते. बॉनेटखालचा पट्टा मात्र सहसा कुणी पाहत नाही.

अल्टरनेटर, एसी आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर चालतो. त्याच्या वाटेत एक गुळगुळीत चाकी असते, तिला मेकॅनिक आयडलर म्हणतात. ती स्वतः काहीच चालवत नाही, म्हणून हे नाव. तसे ते तिच्यावर अन्याय करणारेच आहे. खुंटाला दाव्याचा एक वेढा जास्त दिला की बैलाची ओढही पेलते ना? तसेच ही चाकी पट्ट्याला पाठीमागून दाबून लहान पुलीभोवती जास्त गुंडाळते आणि पकड वाढवते. पट्ट्याचा ताण राखायला स्प्रिंगवरची दुसरी चाकी असते, ती टेन्शनर.

आयडलरचा जीव तिच्या बेअरिंगमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस गगनबावड्यात पडतो. पाणी आणि चिखल आत शिरला की ग्रीस जाते आणि घरघर सुरू होते. ओला पट्टा थोडा वेळ किंचाळून गप्प बसतो. घरघर तशी थांबत नाही, उभ्या गाडीतही रेस दिली की वाढते. स्प्रे मारून आवाज बंद करून देणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

बेअरिंग जाम झाले की पट्टा जळतो किंवा निसटतो. बॅटरीचा लाल दिवा लागतो, पुढे इंजिन तापू शकते. हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होते. काही डिझेल गाड्यांत तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. अशा गाडीचा ब्रेक उतारावर दगडासारखा घट्ट होतो. लागतो, पण सगळा जोर लावून. अशा वेळी खालचा गिअर टाकून गाडी कडेला घ्यावी, थांबल्यावरच इंजिन बंद करावे आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पट्टा बदलताना तो काढलेलाच असतो. तेव्हा चाकी हाताने फिरवून दाखवायला सांगा. खरखरली किंवा हलली तर तीही बदला. हे काम कोल्हापुरातच उरका, घाटात पट्टा मिळत नाही.